मूठ सैल होण्याआधी

१४ जून

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. सहा फूट उंचीच्या आणि भिंतीभिंतीवर नाव झळकणाऱ्या दिग्दर्शकाला या नावाने हाक मारणे शोभत नाही, हे मला कळते. परंतु या वयात मला तुझे नवे नाव पाठ करायला लावू नकोस.

फोनवर तू विचारलेस, "मामा, पाहिलास का? कसा वाटला?" आणि मी म्हणालो, "पाहिला. सविस्तर लिहितो." त्यावर तू पुढे काही न विचारता फोन ठेवलास, तेव्हाच तुला माझे उत्तर मिळाले असावे. तरीही लिहितो. फोनवर आपण दोघेही 'हो', 'बरं', 'ठेवतो' यांपलीकडे जात नाही, आणि 'मधली खोली : भाग दोन' या चित्रपटाला याहून अधिक शब्द देणे मी माझे कर्तव्य समजतो.

शनिवारी दुपारच्या खेळाला गेलो. चित्रगृह अर्ध्याहून अधिक भरले होते आणि त्यात माझ्या वयाचे लोक बरेच होते. तुझ्या वडिलांची 'मधली खोली' ज्यांनी तरुणपणी पाहिली आणि त्यानंतर कित्येक दिवस घरातल्या अंधाऱ्या खोलीवरून जाताना ज्यांची पावले आपोआप झपझप पडत, ते सगळे पुन्हा एकदा घाबरायला आले होते. येताना मुलाबाळांनाही घेऊन आले होते. दिवे मंदावताच माझ्या शेजारच्या बाईंनी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले. मध्यंतराच्या बऱ्याच आधी ते पाय पुन्हा खाली आले. याहून नेमके परीक्षण मला लिहिता येणार नाही.

पहिल्या चित्रपटात त्या खोलीत काय आहे, हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. तू मात्र ती बाई कोण, तिचे काय झाले, तिचा राग कोणावर, हे सर्व पुराव्यानिशी मांडलेस. मी लेखापरीक्षक आहे. पुरावे मला प्रिय आहेत. पण भुताने कागदपत्रे सादर केली की ते भूत राहत नाही, पक्षकार होते.

दुसरी गोष्ट अशी, की दार उघडते, अंधार दिसतो, आणि पहिल्या चित्रपटात जिथे दृश्य तुटायचे जवळजवळ तिथेच इथेही तुटते. तिथे तुटले की आम्ही खुर्चीचे हात घट्ट धरायचो. इथे तुटले की वाटते, यंत्र चालवणाऱ्याचा चुकून हात लागला. मागून एक गृहस्थ ओरडलेच, "अहो, एक तर दाखवा, नाहीतर लपवा तरी!" लोक हसले. भयपटात लोक हसले, टिल्लू.

बाहेर पडताना एक वडील आपल्या मुलीला सांगत होते, "तू पहिला बघ, पहिला. खरा तो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीबद्दल हेच म्हणता." एरवी मी अशा मुलींच्या बाजूने असतो. या वेळी मला तिच्या बाबांची बाजू घ्यावी लागली, याचे वाईट वाटले.

एक विचारू का? पहिल्या चित्रपटाचे एडिटिंग माझ्या ताईने, म्हणजे तुझ्या आईने केले होते. या वेळी नामावलीच्या पाटीवर कोणा दुसऱ्याचेच नाव दिसले. घरात विहीर असताना तू पाणी बाहेरून का आणलेस?

तुझा,
मामा

२१ जून

प्रिय मामा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. बाकीच्यांनी मला 'प्रयत्न छान आहे' असं कळवलं. लोक प्रयत्नाला छान म्हणायला लागले, की समजायचं निकाल लागला. तू निदान चपला काढलेल्या बाईंचे पाय मोजलेस.

विहिरीचं विचारलंस म्हणून सांगतो. मी आईला विचारलं होतं. तेव्हा बाबांना जाऊन सहा-एक महिने झाले असतील. पटकथा हातात नेऊन दिली, म्हटलं, "आई, कापायला तूच बसायचंस." आठवड्याने पटकथा टपालाने परत आली. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मला जमणार नाही. तू कर.' मी फोन केला. म्हणाली, "बाळा, आता नको." का नको, ते नाही. जी बाई निवृत्त झाल्यावरही शेजाऱ्यांच्या पोरांच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती कापून देते, तिला माझंच काम तेवढं जमत नाही! मी काय समजायचं ते समजलो. बाबांच्या वस्तूला हात लावायची माझी लायकी नाही, असं तिला वाटतं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे औषधं घेतलीस का, तिकडे ऊन आहे का, ठेवतो.

मग मी दुसरा रस्ता धरला. तुला आठवत असेल, बाबा प्रत्येक मुलाखतीत सांगायचे, "भीतीला गणित असतं." मी जुनी 'मधली खोली' समोर लावली आणि शॉट न् शॉट मोजून काढला. दार किती वेळ उघडं, अंधार किती वेळ, कट कुठे. तेच माप माझ्या चित्रपटाला लावलं. आमचा एडिटर म्हणत होता, "सर, इथे थोडं थांबू या ना." मी त्याला म्हटलं, "ज्या माणसाने अर्ध्या जगाला झोपू दिलं नाही, त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?" बिचाऱ्याने सांगितलं तिथे कापलं. शिव्या खायला मात्र पाटीवर त्याचंही नाव आहे.

बापाची चप्पल मुलाच्या पायात आली की मुलगा मोठा झाला म्हणतात. माझ्या पायात ती आली, मामा. चालता तेवढं आलं नाही.

आता खरी गोष्ट. आमचे निर्माते (सेटवर त्यांचं नाव 'पुढचं बोला', कारण दुसरं काही ते बोलतच नाहीत) म्हणाले, की चित्रपट टीव्हीवर आणि घराघरांत जाण्याआधी हवं तर पुन्हा कापून घ्या. मुदत जुलैअखेर. त्यानंतर जो जाईल तोच कायमचा. बाबांच्या नावाला चिकटलेला एक वाईट चित्रपट कायमचा राहणार, की त्यातलं काही वाचणार, हे या महिन्याभरात ठरायचं आहे. रोज एडिटिंगच्या खोलीत बसतो आणि मला काहीही दिसत नाही.

आईला मी पुन्हा विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

तुझा,
टिल्लू (पाठ कर अथवा करू नकोस)

३ जुलै

प्रिय टिल्लू,

'विचारू नकोस' असे ज्या ठिकाणी ठळकपणे लिहिलेले असते, त्याच ठिकाणी विचारणे, यावर माझी सारी नोकरी झाली. रविवारी ताईकडे गेलो.

ती खिडकीशी बसून पिशवीचा तुटलेला बंद शिवत होती. मी इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणालो, "ताई, त्याचा चित्रपट पाहिलास?"

"पाहिला. पहिल्याच दिवशी. तिकीट काढून."

"आणि त्याला सांगितलं नाहीस?"

"तो विचारणार, कसा वाटला. मग काय सांगू? तुझ्यासारखी चार पानं मला लिहिता येत नाहीत. मला फक्त कापता येतं."

"अगं, तो बिचारा म्हणतो की भाऊजींचं गणित त्याने तंतोतंत उचललं, तरी उत्तर चुकलं."

तिने सुई थांबवली. "कसलं गणित?"

मी तुझ्या मोजमापाची हकीकत सांगितली. आधी ती हसली. मग हसू तोंडावर तसेच राहिले आणि डोळ्यांतून गेले. म्हणाली, "अरे देवा. सगळं मोजलं त्याने? ते माप त्याच्या बाबांचं नव्हतंच रे."

"मग तुझं होतं?"

"माझंही नाही. त्याचंच होतं."

आता मी जे लिहितो ते नीट वाच. पहिला चित्रपट कापला जात होता त्या सुटीत मी कॉलेजात वाणिज्य शिकत होतो आणि रिळांचे डबे उचलायला तुमच्याकडे येत होतो. तू पाच वर्षांचा होतास. रोज दुपारी ताईच्या मांडीवर, एडिटिंगच्या टेबलाशी. मला वाटे, पोराला सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून आणते. ताईचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो:

"जे दार मी शंभर वेळा पाहिलं, ते मला काय घाबरवणार? त्याच्या बाबांनी तर ते स्वतः बसवलेलं. भीती कुठे आहे हे आम्हा दोघांनाही दिसेनासं झालं होतं. एकदा हा मांडीवर होता. आवाज बंद होता. दार उघडलं तशी याने माझा अंगठा घट्ट धरला. मी तिथे फिल्मवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. पुढे मग तसंच करत गेले. मूठ आवळली की खूण, आणि मूठ सैल होण्याआधी कट. बघणाऱ्याला सुटायला जागाच ठेवायची नाही. आख्खा चित्रपट मी त्याच्या मुठीवर कापला."

मी विचारले, "भाऊजींना हे माहीत होतं?"

"त्यांना वाटलं, मला जमतंय. पुढे मुलाखतीत गणिताचं बोलले. वाक्य छान होतं. मी म्हटलं, असू दे."

"मग आता त्याची पटकथा परत का पाठवलीस?"

"वाचली मी ती. दोनदा. कुठेही तो घाबरलेला नव्हता. पानापानावर बाबांना शोधत होता. मी कापायला बसले असते तर विचारलं असतं, इथे किती थांबू? आणि तो म्हणाला असता, बाबा थांबले असते तेवढं. मग मला सांगावं लागलं असतं. बाप जाऊन सहा महिने, आणि पोराजवळ त्याचं म्हणून तेवढं एक गणित. ते मी काढून घेऊ? वाटलं, त्यापेक्षा नाही म्हणावं. मी त्याचा बाप वाचवायला गेले आणि चित्रपट घालवला."

शेवटी म्हणाली, "हे त्याला लिहू नकोस." मी मान डोलावली. मान डोलावणे म्हणजे वचन नव्हे, अशी समजूत मी परतीच्या वाटेवर स्वतःची घातली. तुझ्यासमोर जुलै लागला आहे आणि तुम्ही दोघे एकमेकांना काचेच्या भांड्यासारखे जपत आहात, म्हणून लिहिले.

तुझा,
मामा

६ जुलै

मामा,

तू हे लिहायला नको होतंस. आईला कळत होतं. माझ्याजवळ खरंच तेवढंच होतं.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मी व्यासपीठावर उभा राहून, फळ्यावर आकडे लिहून, बाबांचं गणित समजावून सांगितलं. लोकांनी वह्यांत उतरवून घेतलं. आता कळतं की मी फळ्यावर एका पाच वर्षांच्या पोराच्या मुठीची मापं लिहीत होतो. ते पोर ज्या दाराला घाबरलं ते दारच वेगळं होतं. त्याची भीती काढून मी भलत्याच दारांवर डकवली आणि लोक हसले तेव्हा लोकांना नावं ठेवली.

मांडीवर बसल्याचं मला काहीही आठवत नाही. खूप ताण दिला. नाही आठवत.

काही दिवस लिहू नकोस.

टि.

१७ जुलै

चि. बाळास आशीर्वाद.

तुझ्या मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तो बोलायला लागल्यापासून मला माहीत आहे; तुला लिहिल्याचंही त्यानेच येऊन सांगितलं. तरीही मी त्यालाच सांगितलं. तेव्हा सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. मला लिहायची सवय नाही, तुटक वाटलं तर जोडून वाच.

मामाने तुला एक गोष्ट कळवली नसणार, कारण ती त्याला ठाऊक नाही. मूठ तुझी होती, कट माझा होता, पण दार तुझ्या बाबांचं होतं. सुताराने सेटसाठी नवंकोरं दार बनवलं होतं. बाबांनी ते काढायला लावलं. कुठलं तरी घर पाडत होते, तिथे जाऊन खाली फुगलेलं जुनं दार उचलून आणलं. ते उघडताना आधी अडायचं आणि मग एकदम यायचं. निर्माता ओरडला, रंगारी रुसला, बाबा ढिम्म. शिवाय त्या खोलीची जमीन त्यांनी बोटभर खाली करून घेतली आणि नटांना सांगितलं नाही. आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण नकळत जरासा अडखळायचा. बघणाऱ्याला कळत नसे काय झालं, पण तोही सावरून बसायचा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मुलाखतीत त्यांनी हे कधीच सांगितलं नाही, कारण जे त्यांना खरंच येत होतं त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. तुझी मूठ मी आवळली नाही, बाळा. त्या दाराने आवळली. तेव्हा तुझ्याजवळचं सगळं काही गेलेलं नाही.

मी आधीच बोलायला हवं होतं. 'मला जमणार नाही' एवढंच लिहून पटकथा टपालात टाकली, तेव्हा तू काय समजशील याचा विचार मी केला नाही. केला असता तर स्वतः घेऊन आले असते.

आता चित्रपटाचं. तो पुरता सुधारणार नाही. लोकांनी एकदा जो पाहिला तो त्यांच्यापुरता तोच. पण महिना संपायचा आहे. तुला हवी असेन तर येते. दोन अटी. बाबांनी काय केलं असतं हे मला विचारायचं नाही. आणि मी काही बोलले नाही तर 'छान ना?' असं विचारायचं नाही.

आई

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

मीच म्हटलं होतं लिहू नकोस, आणि तू या वेळी खरंच ऐकलंस. याबद्दल तुझा सत्कार करायला हवा.

आधी निकाल सांगतो. नवी आवृत्ती वेळेत गेली. फरक फारसा कोणाला जाणवला नाही. परवा एकाने लिहिलं, 'पुन्हा कापूनही पहिल्या भागाची सर नाही.' बरोबर लिहिलं. 'पुढचं बोला' आता तिसऱ्या भागाचं बोलताहेत. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "विचार करा." मी म्हटलं, "या वेळी केलाय."

आई आली ती स्वतःची उशी घेऊन. "तुमच्या खुर्च्या माणसांसाठी नसतात," म्हणाली. खोलीत सगळीकडे बघून विचारलं, "टेबल कुठाय?" मी संगणकाचे पडदे दाखवले. आमच्या एडिटरने वाकून नमस्कार केला, तर त्याला म्हणते, "तू थांबू या म्हणत होतास ना? मग भांडायचं नाही का?" तो एवढा खूश झाला की दिवसभर चहा आणत बसला.

आवाज बंद करून तिने आख्खा चित्रपट लावायला सांगितला. प्रत्येक दाराशी थांबवायची.

"इथे तुला भीती वाटली?"

"नाही."

"लिहिताना?"

"नाही."

"मग कॅमेरा लावलास कशाला?"

"वाटलं, लोकांना वाटेल."

"लोकांना उसनी भीती नको असते रे. ती त्यांची त्यांच्याकडे भरपूर असते."

असं दोन दिवस चाललं. भूत झालेल्या त्या बाईची निम्मी कहाणी काढून टाकली. काही दारांशी जास्त थांबलो, काहींशी थांबलोच नाही. थोडं बरं झालं. थोडंच. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हात वर केला. "थांब. हे काय आहे?"

तो शॉट तू पाहिला असशील, पण तुझ्या लक्षात राहिला नसेल, इतका मी तो छोटा केला होता. घराचा राखणदार, म्हातारा, बायको गेलेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन ताटल्या काढतो. मग एक पुसून परत ठेवतो. पटकथेत हे नव्हतं. शेवटच्या दिवशी थोडा उजेड उरला होता म्हणून मी त्या नटाला सांगितलं, हे एवढं करा.

आईने तो चार-पाच वेळा बघितला. मग म्हणाली, "न वापरलेली ताटली पुसून परत ठेवतोय."

"हं."

"असं कोणी करत नाही. मी करते."

बाबा गेल्यानंतर एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो होतो, मामा. जिन्याकडे वळताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसली. दोन ताटल्या काढल्या, एक पुसली, परत ठेवली. मी बेल न वाजवता तिथूनच मागे फिरलो. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्या नटालाही, कुठून आणलंय ते.

तिने विचारलं, "कापलास कुठे?"

"ताटली मांडणीवर गेली की लगेच."

"कापायच्या आधीचं सगळं दाखव."

ताटली ठेवून झाल्यावर तो म्हातारा नट तसाच उभा राहिला होता, मांडणीवर हात ठेवून. कॅमेरा बंद झाला असं त्याला वाटलं असावं. तो कशाची वाट बघत नव्हता, कुठे बघतही नव्हता. एडिटरने नेहमीच्या सवयीने कट मारायला हात पुढे केला. आई म्हणाली, "राहू दे." आम्ही तो तसाच ठेवला, पार शेवटपर्यंत. सबंध चित्रपटात त्या एकाच ठिकाणी तिने काही कापलं नाही.

मग तिने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. म्हणाली, "या घरात भूत कशाला आणलंस? हा माणूस एकटाच पुरे होता."

मी म्हटलं, "त्याच्याकडे नुसतं बघवत नव्हतं."

आई उशी काखेत घालून उठली. म्हणाली, "मग बेल वाजवायची होतीस."

तुझा,
टिल्लू